दाव्याचा नंबर काय?

कराड तालुक्यात ज्या घराण्याचा कोर्टात कधी एकही दावा झाला नाही, त्या घरात मुलगी देताना जुनी माणसं जरा थबकत. भांडायला जमीन नव्हती, की भांडायला भाऊ नव्हता? स्थळ म्हणून दोन्ही गोष्टी वाईटच. कृष्णा आणि कोयना कराडला समोरासमोर येऊन एकमेकींना मिळतात. त्याला प्रीतिसंगम म्हणतात आणि पाहुण्याला तो आवर्जून दाखवतात. त्याच नद्यांच्या काठच्या मळीच्या रानात दोन सख्खे भाऊ बांधावर समोरासमोर आले की काय होतं, हे मात्र पाहुण्याला दाखवत नाहीत. ते बघायला कोर्टाच्या आवारात जावं लागतं.

या आवारात तारखेला आलेला माणूस एक आणि नकलेला आलेला माणूस दुसरा. तारखेवाल्याचं बरं असतं. त्याला वकील असतो, वकिलाला कारकून असतो. पुकारा झाला की आत जायचं आणि पुढची तारीख घेऊन बाहेर यायचं. नकलेवाल्याचा दावा बापाच्या नाहीतर आज्याच्या काळात निकाली निघालेला असतो. वादी वारले, प्रतिवादी वारले, दोघांचे वकील वारले. मागं राहिली ती फक्त जमीन. ती आता हायवेच्या रुंदीकरणात जाणार असते, किंवा बँकेला तारण द्यायची असते, किंवा चुलत्याचा नातू पुण्याहून येऊन "यात आमचंबी हाय" असं म्हणून गेलेला असतो. मग कुणीतरी जाणकार सांगतो, "हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा." एवढं सांगून जाणकार तंबाखू मळायला लागतो. त्याचं काम झालेलं असतं.

नकलेवाला ओळखू येतो तो पिशवीवरून. पिशवी कापडाच्या दुकानाची, कुणाच्या तरी लग्नाच्या बस्त्यातून आलेली. आत सातबारा, आठ-अ, झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, सोसायटीचा दाखला आणि रेशनकार्ड. रेशनकार्ड कशाला, हे त्यालाही माहीत नसतं, पण सरकारी खिडकीपुढं उभं राहताना ते जवळ असलेलं बरं. खिडकीवर पोचला की पहिला प्रश्न येतो.

"दाव्याचा नंबर काय?"

"नंबर न्हाई ओ, भाऊसाहेब. वाटपाचा दावा हाय. आमच्या आज्यानं घातलेला."

"साल?"

"भूकंपाच्या आदल्या वरसाचं."

इथं बाहेरचा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. कराडकडचा कारकून नुसता मान हलवतो. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. म्हणजे दावा 1966 चा. या भागाचं पंचांगच वेगळं आहे. भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, इंदिराबाई गेल्या ते साल, 2005 चा पूर, 2019 चा पूर. या पाच खुंट्यांवर सगळ्या जन्मतारखा, लग्नं आणि दावे टांगलेले असतात. भाऊसाहेब साल काढून देतात. पण 1966 साली या तालुक्यात एकच दावा लागला असता, तर आजोबांना भांडल्याचं समाधान तरी काय मिळालं असतं?

खरी अडचण अशी की गावाला दाव्यातलं सगळं ठाऊक असतं, नंबर सोडून. आमच्या तात्यांना त्यांच्या आज्याची उलटतपासणी पाठ आहे. दोन्ही आवाज काढून ते ती करून दाखवतात. समोरच्या वकिलाने विचारलेला प्रश्न, आज्याने दिलेलं तिरकं उत्तर, मग न्यायाधीशांनी चष्म्यावरून कसं पाहिलं ते. फीसाठी कोणता बैल विकला, तो कोणत्या बाजारात गेला आणि घेणाऱ्याने नंतर त्याचे किती हाल केले, हेही ते सांगतात. बैलाचं नाव पाठ, नंबर मात्र नाही. तिकडे रेकॉर्ड रूममध्ये नेमकं उलटं. तिथं बैल नाही, बांध नाही, आज्याचा आवाज नाही. तिथं आहे रे. मु. नं., म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, मग आकडा, मग तिरपी रेघ आणि मग साल. कागद असतो, रुमालात बांधलेला, आपल्या जागेवर व्यवस्थित असतो. फक्त त्याच्यापर्यंत जायची वाट आकड्याची आहे आणि आपण गोष्ट घेऊन आलेले असतो.

एक आकडा मात्र सगळ्यांना पाठ आहे. निशाणी पाच. दाव्यात दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाला निशाणी पडते आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज आपल्याकडे पाचव्या निशाणीवर यायचा, अशी वहिवाटच आहे. ज्याला स्वतःच्या मोबाईलचा नंबर बायकोला विचारावा लागतो, तोसुद्धा पारावर बसून "पाचला काय झालं?" असं विचारतो आणि बाकीच्यांना ते कळतं. दावा तीस वर्षं चालला तरी गावाच्या लेखी निकाल लागतो तो पाचलाच. पुढचा सगळा न्यायदानाचा भाग गाव बारकाईने बघत नाही.

नंबर शोधायला एक आडवाट आहे. वाटपाच्या हुकूमनाम्यावरून गावदप्तरी नोंद झाली असेल, तर त्या फेरफारात कोर्टाचं नाव आणि दाव्याचा नंबर लिहिलेला असतो. झालं की मग. फक्त फेरफाराचा नंबर पाहिजे. तो जुन्या सातबाऱ्यावर वर्तुळात घातलेला सापडतो. जुन्या सातबाऱ्यासाठी जुना सर्व्हे नंबर पाहिजे, त्याचा हिस्सा नंबर पाहिजे. आणि तुमच्या हातात आहे गट नंबर. कारण 1947 च्या तुकडेबंदीच्या कायद्याखाली जमिनीच्या एकत्रीकरणाची योजना निघाली आणि ती गावोगाव आली, तसे सर्व्हे नंबर गेले आणि गट आले. मग कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला हे बघायला भूमी अभिलेख कार्यालय. म्हणजे कोर्टातला एक कागद शोधायला निघालेला माणूस तलाठी, तहसील आणि मोजणीचं ऑफिस अशी पंचक्रोशी करतो. प्रत्येक खिडकीवर त्याला विचारतात, "नंबर काय?" आधीच्या खिडकीवर मिळालेला नंबर तो मोठ्या अभिमानाने सांगतो आणि उत्तर येतं, "हा आमचा नंबर नव्हे." संध्याकाळी एसटी स्टँडवर उसाचा रस पिताना त्याच्याजवळ चार नंबर असतात आणि चारही खरे असतात. अलीकडे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ऑनलाइन ठेवायचं काम झालंय, त्यामुळे हे सगळं घरबसल्याही करता येतं. म्हणजे खिडक्या तेवढ्याच, फक्त आता त्या मोबाईलमध्ये उघडतात.

यात आणखी एक गंमत आहे. वाटपाचा हुकूमनामा झाला म्हणजे वाटप झालं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. तसं नसतं. शेतसारा भरणाऱ्या जमिनीचं वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे कलेक्टरकडून व्हायचं असतं. कोर्ट सांगतं की तुझा तिसरा हिस्सा. तो तिसरा हिस्सा नदीकडचा की माळाकडचा, हे सरस-निरस मानाने ठरवायला कागद महसूल खात्याकडे जातो आणि तिथं तो रमतो. त्यामुळे हुकूमनामा देव्हाऱ्यात आणि शेत चुलत्याच्या ताब्यात, असं दोन-दोन पिढ्या नांदणारं घर आमच्याकडे गावागणिक दाखवता येईल. त्या घरातला नातू कधीतरी जागा होतो आणि नकलेला निघतो.

फेरफारही सापडला नाही, तर शेवटचा उपाय म्हणजे जुन्या वकिलाचा जुना कारकून. हा कुठल्यातरी पेठेत, वाड्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात राहतो. वय विचारू नये. त्याला नंबर विचारायचा नसतो, फक्त गाव आणि आज्याचं नाव सांगायचं. तो डोळे मिटतो. "ते होय? विहिरीच्या पाळीचं भांडण. तुमच्या आज्यानं पाचला मार खाल्ला आणि निकालाला जिंकला. पण अपिलात वेड्यासारखी तडजोड केली." मग तो नंबर सांगतो, आणि तो बरोबर निघतो. त्याच्याजवळ ना रजिस्टर ना वही. सगळ्या तालुक्याची भांडणं त्याच्या डोक्यात चतुःसीमेसकट ठेवलेली. फी विचाराल तर एक चहा. मात्र आपला आजा कसा अडाणी, हट्टी आणि उधारीबुडव्या होता, हे त्या चहाबरोबर ऐकून घ्यावं लागतं. ज्यांनी आज्याचा फोटो चंदनाचा हार घालून लावलाय, त्यांना हा चहा महाग पडतो.

पुतण्या म्हणतो, हे सगळं जुनं झालं. आता ई-कोर्ट्स आहे, सोळा अक्षरी-आकडी सीएनआर नंबर टाकला की दाव्याची कुंडली मोबाईलवर. बरोबर आहे. चालू दाव्याची पुढची तारीख आता शेताच्या बांधावर कळते. सीएनआर नसला तरी पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. नाव इंग्रजीत टाकायचं. आता वादीचं नाव ज्ञानू. हे डी-एन-वाय लावून लिहिलंय, जी-वाय लावून लिहिलंय, की टाइप करणाऱ्याला दया येऊन त्याने जी-एन लिहिलंय? चव्हाण किती प्रकारे लिहिता येतो, यावर तर कराडात स्पर्धा लावता येईल. शिवाय ज्याला गाव जन्मभर आबा म्हणत होतं, त्याचं कागदावरचं नाव ज्ञानू आहे, हेच घरात फक्त म्हातारीला माहीत, आणि ती नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते, पण उखाणा त्या चौकटीत मावत नाही.

पुतण्याने तात्यांना मोबाईलवर शोधायला शिकवलं, तेव्हा तात्यांनी पडद्यावर आलेली वाकडीतिकडी अक्षरं आणि आकडे नीट तळहातावर लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर वाचून दाखवले. तो कॅप्चा होता. भाऊसाहेबांनी हसू दाबत सांगितलं, "बाबा, हा नंबर दर वेळी बदलतो." तात्या म्हणाले, "मग तुमच्यात टिकणारा नंबर कंचा, त्यो द्या की."

बरं, नाव सापडलं तरी माणूस सापडेल असं नाही. दावा चालू असताना वादी क्रमांक एक वारतो, त्याचे वारस दाखल होतात. 1अ, 1ब, 1क. बहिणी धरल्या की यादी लांबते. मग 1अ वारतो, त्याची मुलं 1अ1, 1अ2. अपिलापर्यंत पोचलेल्या दाव्याचं पहिलं पान वाचलं तर मुळाक्षरं संपत आलेली आणि निम्म्या नावांपुढे 'मयत'. नकलेचा अर्ज भरताना पक्षकारांच्या रकान्यात हे सगळं भरायचं असतं. रकाना दोन बोटांचा. लोक तिथं "वगैरे" लिहितात. मराठी माणसाच्या इस्टेटीचा निम्मा इतिहास या वगैरेत राहतो.

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचा माहिती अधिकारावर फार जीव. 2005 चा कायदा आल्यापासून त्यांनी ग्रामपंचायतीपासून वीज मंडळापर्यंत कुणाला सुखाने जेवू दिलेलं नाही. अर्जाला दहा रुपये फी. निवृत्तिवेतनात इतकी स्वस्त करमणूक दुसरी नाही. ते म्हणाले, नक्कल-बिक्कल काय मागत बसलाय, माहिती अधिकारात टाका. पण मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट सांगून टाकलं, की न्यायालयीन कामकाजातले कागद हवे असतील तर ते कोर्टाच्या नियमांनीच मागायचे. तिथं नकलेची सोय आहे, तर माहिती अधिकाराची वाट धरायची नाही. गुरुजींना तो निकाल व्यक्तिशः लागला. त्यांनी त्याची नक्कल मागवायचं ठरवलं होतं. ती तर फुकट वाचायला मिळते, हे कळल्यावर त्यांचा रस गेला.

पक्षकाराला आपल्या दाव्याची नक्कल मागायला कुणाची ना नसते. तिऱ्हाइताला मात्र कारण सांगावं लागतं, प्रतिज्ञापत्र करावं लागतं, परवानगी काढावी लागते. आता बघा, खटला चालतो तो उघड्या कोर्टात. मागच्या बाकावर बसून कुणीही फुकट ऐकावं. शेजाऱ्याच्या घटस्फोटाच्या खटल्याला शेंगा घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत, आणि दार लावून घेतल्यावर त्यांचे उतरलेले चेहरेही पाहिलेत. कानाने ऐकायला कारण लागत नाही, कागदावर घ्यायला लागतं. आणि खरं कारण लिहिण्यासारखं नसतं. "भावकीतल्यांनी माझ्या चुलत्याला कसं बुडवलं ते वाचून मनाला बरं वाटावं म्हणून" असं प्रतिज्ञेवर कोण लिहील? म्हणून सगळे लिहितात: "कामी आवश्यक आहे." आमच्या तालुक्यात या तीन शब्दांवर प्रचंड साहित्य बाहेर आलं आहे.

फार जुना कागद असेल तर आणखी मजा. 1949 साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याचा 1960 साली सांगली जिल्हा झाला. त्यामुळे वाळवे तालुक्यातला माणूस कागदाला सांगलीला विचारतो, तिथला माणूस म्हणतो साताऱ्याला बघा, साताऱ्याचा म्हणतो सांगलीला गेलं असेल. मधे कराड लागतं, म्हणून तो जाता-येता इथंही विचारतो. शिवाय औंध, फलटण, मिरज, जत अशी संस्थानं 1948 पर्यंत आपापली कोर्टं आणि आपापली दप्तरं बाळगून होती. आणि एवढं करून कागद हाती आलाच, तर तो मोडीत. कुणबी नोंदींसाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि सगळा महाराष्ट्र जुनी दप्तरं धुंडाळायला लागला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक असे दिवस आले, की लग्नसराईत आचाऱ्यालाही येत नाहीत. तोवर मोडी शिकलेल्या मुलाला बाप विचारायचा, "ह्याचं पुढं काय करणार?"

नकलेच्या भानगडीत न पडलेलं एकच न्यायदान या भूमीत होऊन गेलं. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार सातारा जिल्ह्यात होतं, तेव्हा गावोगावच्या न्यायदान मंडळांपुढे जमिनीचे, सावकारीचे, घरगुती तंटे चालत. रोजनामा नाही, निशाणी नाही, कोर्ट फीचं तिकीट नाही. निकाल सगळ्या गावादेखत व्हायचा, त्यामुळे रेकॉर्ड रूम म्हणजे गावच. आणि गुन्हा मोठा असेल तर तळपायांवर काठी बसायची. लोक त्याला पत्री म्हणत आणि सरकारलाच पत्री सरकार म्हणायला लागले. म्हणजे निकालाची सही-शिक्क्याची प्रत आरोपी स्वतःच घरी घेऊन जायचा. वेळ लागायचा नाही आणि दुसऱ्यांदा मागायला कुणी यायचं नाही.

आताच्या नकलेचं रूप वेगळं. शेवटच्या पानावर तिची जन्मपत्रिका असते: अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख, कुणी लिहिली, कुणी ताडून पाहिली. या तारखा शोभेच्या नाहीत. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ वगळायचा, असं 1963 च्या मुदतीच्या कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे. माणसाच्या आयुष्यातला हा एवढाच काळ कायदा हिशोबात धरत नाही. नकलेची वाट बघत असताना आपलं वयही वाढत नसावं, असा तात्यांचा अर्थ आहे आणि तब्येतीवरून तो खरा वाटतो.

अपील हायकोर्टात गेलं की पूर्वी त्याला एक वजन असायचं. "आमचं मुंबईला हाय." मग महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, गाववाल्यांच्या खोलीत मुक्काम, वकिलाच्या ऑफिसात एक कप चहा, आणि परतताना पोरांसाठी बिस्किटं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, साताऱ्यासकट सहा जिल्ह्यांसाठी. चार दशकं त्यासाठी इकडच्या वकिलांनी आंदोलनं केली आणि पक्षकारांची मोठी सोय झाली, यात वाद नाही. पण सकाळी निघून अंबाबाईचं दर्शन घेऊन, मिसळ खाऊन, अपिलाची चौकशी करून दुपारच्या गाडीने माघारी येता येऊ लागल्यापासून दाव्याचा तो दरारा उरला नाही. भावकीही म्हणते, "कोल्हापूरलाच हाय न्हवं?"

परवा नक्कल मिळालेला एक म्हातारा खिडकीवरून हलेना. पानं मोजून झाली, शिक्के बघून झाले, पिशवीत रेशनकार्डाशेजारी कागद नीट बसला, तरी तो तिथंच. मागची रांग कुरकुरायला लागली.

"काय राहिलं, बाबा?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"आणखी एक काढायची हुती."

"दोन कशाला?"

"एक थोरल्या भावाला. त्येच्यावरच घालायचाय न्हवं दावा. त्येचा वकील बी हीच मागणार. गुडघं गेल्याती त्येचं, त्यो कुठं हेलपाटं घालत बसतोय?"

भाऊसाहेबांनी कोरा अर्ज पुढे सरकवला. नक्कल कशासाठी हवी या रकान्यात आता काय लिहायचं, हे सांगायला मागची अख्खी रांग पुढे आली.